लॅमिंग्टन रोडवर लिनक्सचा लॅपटॉप

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘अवजारं’ हा विषय दिला, तेव्हा मला प्रोग्रॅमरचं अवजार आठवलं. दिवसाचे आठ-दहा तास बोटं ज्याच्यावर चालतात, जे बहुतेक घरांत आईवडिलांच्या साठवणीतून किंवा हप्त्यांवर येतं, आणि जे घेताना खरी उपयोगाची माहिती सहसा कोणी देत नाही, ते म्हणजे लॅपटॉप. त्यावर लिनक्स चालवायचं असेल तर अडचण आणखी वाढते. दुकानातल्या पाटीवर प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि किंमत एवढंच असतं. लिनक्स नीट चालेल की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यांतली एकही पाटीवर नसते.

लिनक्स शिकणं आता हौशी मंडळींपुरतं उरलेलं नाही. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेलं हे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे, इंटरनेटचा मोठा भार वाहणाऱ्या सर्व्हरांवर आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक एकजात त्याच्यावरच चालतात. ज्याचा कोड उद्या लिनक्सच्या सर्व्हरवर चढणार, त्याने तो लिनक्सवरच लिहिलेला बरा. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणारं डॉकर तिथे मधल्या आभासी यंत्राशिवाय थेट चालतं, कंपायलर आणि डेटाबेस एका ओळीत उतरवता येतात, आणि मशीनच्या आत काय चाललंय हे उघडून बघता येतं.

कल्याणची एक मुलगी, कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, लॅपटॉप घ्यायला निघाली होती. सोबत तिचे वडील. मीही त्यांच्याबरोबर गेलो.

## वाय-फाय कार्ड कोणतं?

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला बाहेर पडलं की थोड्या चालीवर लॅमिंग्टन रोड लागतो. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. खाली रस्त्याला लागून नव्या मालाची दुकानं, आणि जिने चढून गेलं की वापरलेले लॅपटॉप, सुटे भाग, दुरुस्तीची टेबलं. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत इथे पाय ठेवायला जागा नसते.

पहिल्या दुकानात शिरताच प्रश्न आला, “बजेट काय, काका?” वडिलांनी सांगितलं. “कोडिंगसाठी ना? मग गेमिंगवालाच घ्या. ग्राफिक्स कार्ड आहे, सोळा जीबी आहे. चार-पाच वर्षं बघायला नको.”

मुलीने विचारलं, “यात वाय-फाय कार्ड कोणत्या कंपनीचं आहे?”

दुकानदाराने खोकं उलटंपालटं करून पाहिलं. तिथे फक्त ‘वाय-फाय ६’ असं छापलं होतं. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हे आजवर कोणी विचारलेलं नाही. त्यात त्याचा काही दोष नव्हता. एकाच नावाचा लॅपटॉप कंपन्या वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळ्या कार्डांसह विकतात: कधी इंटेलचं, कधी रिअलटेकचं, कधी मीडियाटेकचं. विंडोजवाल्याला फरक जाणवत नाही, कारण त्याच्या मशीनमध्ये योग्य ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कारखान्यातच घातलेला असतो. लिनक्स टाकणाऱ्याला मात्र त्या बोटभर कार्डापायी पहिल्याच दिवशी इंटरनेट मिळेनासं होऊ शकतं.

## ड्रायव्हर कुठून येतो

विंडोजमध्ये चिप बनवणारी कंपनी आपला ड्रायव्हर स्वतः लिहिते आणि लॅपटॉपसोबत देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच राहतात. कंपनीने किंवा एखाद्या स्वयंसेवकाने लिहिलेला कोड कर्नलच्या देखभाल करणाऱ्यांकडे जातो, तपासला जातो, सुधारून परत मागवला जातो आणि मग पुढच्या आवृत्तीत येतो. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पण तुम्ही वापरता त्या उबुंटू किंवा डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणात ती यायला आणखी वेळ लागतो.

मीडियाटेकच्या एमटी७९२१ या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर ५.१२ या कर्नलमध्ये आला, एप्रिल २०२१ मध्ये. रिअलटेकच्या ८८५२ए चिपचा आला ५.१६ मध्ये, जानेवारी २०२२ ला. डेबियन ११ ऑगस्ट २०२१ मध्ये निघालं ते ५.१० कर्नल घेऊन. म्हणजे त्या सुमाराला यातली एखादी चिप असलेला कोरा लॅपटॉप आणून कुणी डेबियन टाकलं, तर लॅपटॉप उत्तम, डेबियन उत्तम, आणि वाय-फाय गायब. अशा वेळी मुलं फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट वापरतात आणि नवं कर्नल उतरवून घेतात. काम होतं, पण नवख्याचा पहिला दिवस त्यातच जातो आणि तो लिनक्सवरच नाराज होतो.

यातून खरेदीचा एक साधा नियम निघतो. बाजारात नुकत्याच आलेल्या प्रोसेसरचा लॅपटॉप लगेच घेऊ नका. वर्षभर जुनं मॉडेल स्वस्तही असतं, आणि तोवर त्यातल्या चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये पोचून रुळलेले असतात. नवीनच घ्यायचा असेल, तर त्यावर फेडोरासारखं ताजं कर्नल देणारं वितरण टाका. लिनक्सची दुसरी बाजूही इथेच दिसते: एकदा कर्नलमध्ये शिरलेला ड्रायव्हर सहसा वर्षानुवर्षं तिथेच राहतो, त्यामुळे दहा वर्षांच्या मशीनलाही नवं कर्नल चालतं.

वाय-फायपाठोपाठ त्रास देतात ते कॅमेरा, स्पीकर आणि बोटाचा ठसा घेणारी पट्टी. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून काही महागड्या, पातळ लॅपटॉपांत कॅमेरा नेहमीसारखा यूएसबीने न जोडता प्रोसेसरमधल्या प्रतिमा-विभागाला थेट जोडला गेला. अशा कॅमेऱ्यांवर लिनक्समध्ये बराच काळ काळा पडदाच दिसत होता. म्हणजे लाखभर रुपयांच्या लॅपटॉपचा कॅमेरा बंद, आणि पस्तीस हजारांच्या लॅपटॉपचा साधा यूएसबी कॅमेरा मात्र पहिल्या क्षणापासून चालू. लिनक्ससाठी महाग ते चांगलं असं गृहीत धरता येत नाही.

## पहिल्या मजल्यावरचं टेबल

वापरलेल्या लॅपटॉपांच्या एका गाळ्यात कणकवलीकडचा एक कारागीर भेटला. कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणारे लॅपटॉप त्याच्याकडे गठ्ठ्याने येतात. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. तो ते उघडतो, धूळ काढतो, थर्मल पेस्ट बदलतो, रॅम वाढवतो आणि पुन्हा विकायला मांडतो.

“ताई, पेनड्राइव्ह आणलाय का?” त्याने आपणहून विचारलं. तिने आणला होता. व्हेंटॉय नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने एकाच पेनड्राइव्हवर उबुंटू, फेडोरा आणि डेबियन अशा तिन्ही प्रती ठेवल्या होत्या. अशा पेनड्राइव्हवरून लिनक्स थेट चालू होतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. तपासून झालं की पेनड्राइव्ह काढायचा, मशीन होतं तसं राहतं. म्हणून दुकानदाराने नाही म्हणण्याचं काही कारण नसतं.

त्याने थिंकपॅड टी४८० समोर ठेवला. “चालू करताना एंटर दाबा, मग एफ-बारा. डेललाही एफ-बारा, एचपीला एफ-नऊ.” पुढच्या अर्ध्या तासात त्या टेबलावर जे घडलं ते प्रत्येक गिऱ्हाइकाने करायला हवं.

मुलीने आधी वाय-फाय जोडून बघितलं. मग एक गाणं लावून दोन्ही स्पीकरांना कान लावला. कॅमेरा उघडला, उजेड कमी-जास्त करणारी बटणं दाबली, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकवलं. ब्लूटूथने इअरबड जोडले. दुकानातला मॉनिटर एचडीएमआयने लावून पाहिला. एक रिकामी फाइल उघडून प्रत्येक कळ एकदा दाबली, कारण प्रोग्रॅमरच्या कंसाची किंवा अर्धविरामाची एक कळ अडकत असेल तर तो लॅपटॉप फुकट मिळाला तरी महाग.

मग तिने टर्मिनल उघडलं. एलएसपीसीआय ही कमांड आत कोणत्या चिपा आहेत ते नावानिशी सांगते. खोक्यावर जे छापत नाहीत त्यातलं बरंच इथे दिसतं. वाय-फाय इंटेलचं निघालं. इंटेल आपल्या कार्डांचे ड्रायव्हर अनेक वर्षांपासून कर्नलमध्ये वेळेवर देत आली आहे, त्यामुळे ते नाव दिसलं की निम्मी काळजी मिटते. दुसऱ्या कमांडने बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दाखवली. टी४८० ला बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी. आतली बरी होती, बाहेरची निम्म्यावर आली होती. कारागिराने वाद न घालता दुसरी काढून दिली. तिसऱ्या कमांडने एसएसडी किती तास चालली आणि तिचं आयुष्य किती वापरलं गेलं ते सांगितलं.

वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, “बाळा, हे सगळं नव्याला पण करायचं?” करायचंच, मुलगी म्हणाली.

कारागिराने स्वतःहून एक धोका सांगितला. ऑफिसांतून येणाऱ्या काही लॅपटॉपांच्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला असतो. विंडोज चालतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि नंतर सेटिंग बदलायला गेलं की दार बंद. थिंकपॅडचा हा पासवर्ड सहजी निघत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एफ-एक दाबून बायोसमध्ये शिरता येतं का, तिथे बदल जतन होतो का, हे पाहायचं. तिथेच आभासी यंत्रांसाठीची सोय चालू करून घ्यायची, नाहीतर अँड्रॉइडचा एम्युलेटर रखडत चालतो. नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना डिस्कच दिसली नाही तर घाबरायचं नाही. बहुधा बायोसमध्ये डिस्क इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर लावलेली असते, ती एएचसीआयवर आणली की दिसते. मात्र आतलं विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल करण्याआधी विंडोजला तसं सांगून ठेवावं लागतं, नाहीतर ते उघडत नाही.

## झाकण मिटल्यावर

लिनक्सवाल्यांची सर्वांत जुनी तक्रार झोपेची. झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकावा, लोकलने घरी यावं, आणि बॅग उघडल्यावर मशीन गरम, बॅटरी रिकामी.

पूर्वीच्या लॅपटॉपांत एस-थ्री नावाची गाढ झोप असायची. रॅमपुरता वीजपुरवठा चालू, बाकी सगळं बंद. पुढे फोनसारखी झोप आली: मशीन पूर्ण झोपत नाही, अधूनमधून जागं होऊन मेल वगैरे बघतं. या पद्धतीत प्रत्येक चिपने आपापल्या परीने झोपायचं असतं. एखादी जरी जागी राहिली तरी मशीनची बॅटरी जाते. लिनक्समध्ये त्या एखाद्या चिपचा ड्रायव्हर कच्चा असला की नेमकं हेच होतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत जुनी गाढ झोप मिळेनाशीच झाली.

२०१८ साली थिंकपॅड एक्स१ कार्बनची सहावी पिढी फक्त नव्या झोपेसह आली. लिनक्स वापरणाऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि लेनोवोने बायोसची सुधारित आवृत्ती काढून त्यात ‘लिनक्स’ नावाचा झोपेचा पर्याय घातला. गिऱ्हाइकांनी नेमकेपणाने मागितलं तर कंपन्या ऐकतात, याचा हा पुरावा आहे.

दुकानात झाकण मिटून दहा मिनिटं चहा घ्यायचा आणि परत उघडायचं. पडदा लगेच उजळला, वाय-फाय आपोआप जोडलं गेलं आणि मशीन थंड असलं, तर पास.

## ग्राफिक्स कार्ड कुणाला हवं

‘कोडिंगसाठी गेमिंग लॅपटॉप’ हा सल्ला मला या बाजारात वारंवार ऐकू आला, आणि बहुतेकांसाठी तो चुकीचा आहे. वेबसाइट, ॲप, डेटाबेस, सी किंवा जावा यांपैकी कशालाही वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते असलं की वजन वाढतं, पंखा घोंघावतो, बॅटरी दोन-तीन तासांत संपते. लिनक्सवर त्यात भर पडते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंदिस्त होता. २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्सने त्या कंपनीवरचा राग सगळ्यांसमोर काढला होता. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमधला आपला भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांसाठी. परिस्थिती खूप सुधारली आहे, तरी काही लॅपटॉपांत एचडीएमआयचं छिद्र थेट एनव्हिडियालाच जोडलेलं असतं. तिथे ड्रायव्हर बिघडला की प्रोजेक्टरवर काही दिसत नाही.

मशीन लर्निंग शिकणाऱ्याला आपल्याच मशीनवर एनव्हिडियाच्या कार्डांवर गणित करणारं कुडा चालवायचं असेल, तर एनव्हिडिया घ्यायला हवं. बाकीच्यांनी इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर समाधान मानावं. त्यांचे ड्रायव्हर खुले आहेत आणि कर्नलसोबतच येतात. वाचलेले पैसे रॅममध्ये घालावेत. ब्राउझर, एडिटर, दोन-तीन डॉकर कंटेनर आणि एखादा एम्युलेटर एकत्र उघडले की आठ जीबी अपुरे पडतात. १६ ही आजची किमान पायरी.

रॅम वाढवता येते का, हे प्रोसेसरइतकंच महत्त्वाचं आहे. टी४८० ला दोन खाचा आहेत. त्याच्याच जोडीच्या, पातळ टी४८०एस ला एकच, बाकी रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की. एक्स१ कार्बनमध्ये सगळीच पक्की. टी४८० आणि टी४८०एस, नाव जवळजवळ सारखं, पण चार वर्षांनी एकाची सगळी रॅम बदलता येते आणि दुसऱ्याची नाही.

## आठवी पिढी ही रेघ

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख या बाजारात सगळ्यांना पाठ आहे. त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्याआधीचे धडधाकट लॅपटॉप ऑफिसांनी काढून टाकले. लिनक्सला अशी अट नाही, त्यामुळे सातव्या पिढीचं मशीनही त्यावर सुरळीत चालतं. शाळेच्या मुलाला टायपिंग, पायथन आणि अभ्यासाचे व्हिडिओ यांसाठी ते पुरेसं आहे, आणि भंगारात जाण्यापासून वाचतं.

प्रोग्रॅमरने मात्र आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये, आणि त्यामागे विंडोजचा संबंध नाही. सातव्या पिढीच्या आय५-७२००यू मध्ये दोन कोअर होते, आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार झाले. मोठा प्रकल्प कंपाइल करताना हा फरक घड्याळात दिसतो. टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ हे तिन्ही याच काळातले, तिन्हींत रॅमच्या दोन खाचा. वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळणारं याहून भरवशाचं लिनक्स मशीन मला या बाजारात दिसलं नाही.

त्यांच्या उणिवाही जाणून घ्याव्यात. एकाच मॉडेलमध्ये मंद पडदे आणि चांगले पडदे दोन्ही असतात, म्हणून पडद्याचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आहे का आणि तिरकस पाहिल्यावर अक्षर दिसतं का, हे बघावं. टी४८० च्या थंडरबोल्ट चिपच्या जुन्या फर्मवेअरमध्ये एक दोष होता, त्यामुळे कालांतराने यूएसबी-सी छिद्र निकामी होऊ शकतं. दुरुस्ती निघालेली आहे, विकत घेतल्याच्या दिवशीच ती करून घ्यावी. लिनक्समधल्या एफडब्ल्यूयूपीडी या सोयीने लेनोवो, डेल, एचपी यांच्या अनेक व्यावसायिक मॉडेलांचं बायोस विंडोजशिवाय सुधारता येतं.

नवा कोरा घेणाऱ्यांना एक दिशादर्शक आहे. डेलने २०१२ पासून एक्सपीएस १३ ची उबुंटू घातलेली डेव्हलपर आवृत्ती विकली. लेनोवोने २०२० मध्ये एक्स१ कार्बनवर फेडोरा द्यायला सुरुवात केली. उबुंटूची कंपनी कॅनॉनिकल आपण तपासलेल्या मॉडेलांची यादी ठेवते. यादीत पूर्ण मॉडेल क्रमांक आणि आतले भाग जुळवून पाहायचे, नुसतं मालिकेचं नाव पुरत नाही.

## मराठीची तपासणी

आपल्या मुलांना कोडसोबत मराठीही लिहायची असते, म्हणून तीही टेबलावरच तपासली. सेटिंगमध्ये कीबोर्ड निवडताना मराठी इन्स्क्रिप्ट तयारच असतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ब्राउझर आणि लिबरऑफिसमध्ये जोडाक्षरं व्यवस्थित उमटली. टर्मिनलमध्ये मात्र वेलांट्या आणि काने अजून सरकतात, कारण टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं आणि देवनागरी त्यात मावत नाही. कोडमधल्या नावांसाठी याने अडत नाही, पण मराठी डेटा छापून बघणाऱ्याला त्रास होतो. कुणाला टर्मिनलच्या कोडमध्ये हात घालायचा असेल, तर करण्यासारखं काम इथे पडलेलं आहे. लिनक्स मुळापासून शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे मोफत आहेत.

मुलीने टी४८० घेतला, रॅम सोळा जीबी करून, बाहेरची बॅटरी बदलून. माझ्या मते तिच्या पैशांत याहून चांगला निर्णय झाला नसता.

ज्यांच्याकडे लिनक्स चालणारा लॅपटॉप आहे, त्यांना एक विनंती. तुमचं पूर्ण मॉडेल, वाय-फायची चिप, वितरण आणि कर्नलची आवृत्ती, काय चालतं आणि काय चालत नाही, हे एका कागदावर लिहून कॉलेजच्या फळ्यावर लावा. हार्डवेअर नोंदवणारं एचडब्ल्यू-प्रोब सॉफ्टवेअर चालवून तीच माहिती जगालाही द्या. पुढच्या वर्षी दुकानात उभ्या राहणाऱ्या मुलांना तीच यादी उपयोगी पडेल.